हाक देऊन थांबायचं

६ नोव्हेंबर
ओमानमधल्या रुस्ताकला पोचलो. वाटभर उघडेबोडके डोंगर, आणि मग अचानक खजुरांची हिरवी पट्टी. खल्फान नावाच्या वयस्कर अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, बागेत ठिबक बसवायचं काम आहे. खोली बागेच्या टोकाला, दाराशी लिंबाचं झाड. एसी घरघरतो, पण चालतो. गाडी चालवणारा जैनुद्दीन आपल्या दाभोळचा निघाला, त्याने आल्या आल्या बांगडा तळून घातला. देवरूखला घरी फोन लावून बायकोला, सोनलला, आणि ओवीला सगळी खोली दाखवली. ओवीने पहिलं काय विचारलं, तर तिथे दगड आहेत का. बापाची खोड पोरीला पाठ आहे. कुठेही गेलो तरी मी खाली बघत चालतो.

९ नोव्हेंबर
आहेत दगड. बागेमागे मोठा माळ आहे आणि टेकाडावर दगड रचून केलेली फार जुनी थडगी. कोणाची, ते इथेही कोणाला ठाऊक नाही. शिकारी लोकांची असावीत, कारण माळावर बाणांची दगडी टोकं सापडतात, असं जैनुद्दीन म्हणाला. वर हेही म्हणाला, “पण गुरूभाई, अर्बाबला विचारल्याबिगर खडा पण उचलू नको.”

म्हणून विचारलं. खल्फानबाबांनी आधी कावा, म्हणजे त्यांची बिनदुधाची कॉफी, पाजला, खजूर पुढे केले, मग त्यांच्या मोडक्या हिंदीत सांगितलं. खुशाल फिर. वर पडलेलं उचलून बघ, आणि होतं तिथेच, होतं त्याच कुशीवर परत ठेव. उकरायचं नाही, न्यायचं नाही. जमीन माझी आहे, त्या वस्तू माझ्या नाहीत. थडग्यांपाशी जाताना कोणाच्या दारात देतात तशी हाक द्यायची, हूद. मग थांबायचं. आत यायला सांगणारा हिदा म्हणतो. तिथून उत्तर येणार नाही, पण थांबायचं ते थांबायचंच.

ओवीला हे फारच आवडलं. मी फोनवर हूद म्हणायचं, तिने हिदा. सोनल वैतागली, म्हणे ही आता दूधवाल्यालाही हिदा म्हणते.

१४ नोव्हेंबर
सापडलं. थडग्याच्या पायथ्याशी मातीतून नुसतं टोक दिसत होतं. मी हूद म्हटलं आणि चालतच राहिलो. खिशातल्या स्क्रूड्रायव्हरने उकरलं. मधाच्या रंगाचं, पानासारखं, धार अजून अशी की अंगठा कापला. खिशात टाकलं.

बाबांनी कावा देताना विचारलं, काय काय पाहिलंस. मी म्हटलं, खापऱ्या. ते जैनुद्दीनला म्हणाले, या माणसाचा हात साफ आहे. कान तापले माझे. खाल्ल्या घरचे वासे मोजतात ते असेच. तरी परत जाऊन ठेवलं नाही.

१७ नोव्हेंबर
जैनुद्दीन रजेवर निघाला. देवरूखला वाट वाकडी करून खजुरांचा डबा पोचवतो म्हणाला. मी ते टोक खजुरात खोल दाबून वरून चिकटपट्टी लावली. त्याला सांगितलं नाही. विमानतळावर सापडलं तर मान त्याची अडकणार. हे मला डबा देतानाच कळत होतं. त्याने डबा छातीशी धरला आणि म्हणाला, भाभीला सलाम सांगतो.

२१ नोव्हेंबर
दुपारी सगळं गाव झोपलेलं असताना दाराबाहेर कोणीतरी हूद म्हणालं. बाबाच असणार. आपल्याला रीत कळते हे दाखवावं म्हणून पडल्या पडल्या ऐटीत हिदा म्हणालो.
दार उघडलं. आत कोणी आलं नाही. मी उठून बघेपर्यंत लादीवर माळावरची बारीक खडी पडली होती, थेट माझ्या पलंगापर्यंत.

२३ नोव्हेंबर
माझी बॅग उघडून पाहिलेली आहे. दाढीचं सामान, हत्यारं, शर्टांच्या घड्या. प्रत्येक वस्तूवर मातीची बोटं. आणि प्रत्येक वस्तू होती तिथेच, होती त्याच कुशीवर.
घाबरलो, पण त्याहून लाज वाटली. ते त्याचं शोधतंय, आणि माझं काहीच नेत नाही.

२५ नोव्हेंबर
आज पाकिटातला फोटो. सोनलवर डाग नाही, माझ्यावर नाही. ओवीच्या गळ्याशी मातीचा अंगठा.
सोनलचा फोन आला, डबा मिळाला. ओवीने टोक दोऱ्यात ओवून गळ्यात घातलंय. अंघोळीलाही काढत नाही.

२७ नोव्हेंबर
बाबांना सगळं सांगितलं. रागावले असते तर बरं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, हाकेला उत्तर कोणी दिलं? मी, म्हटलं. त्यांनी किटली खाली ठेवली. म्हणाले, तुझ्याकडे तो आता येणार नाही. वस्तू जिथे आहे तिथे जाईल. तिथेही विचारूनच आत जाईल. कोणी उत्तर देऊ नये. दिलं तर वस्तू ज्या गळ्यात आहे त्या गळ्यासकट —
एवढं म्हणून ते उठले.

लगेच सोनलला फोन केला. जीभ रेटेना. जैनुद्दीनच्या हातून चोरी पाठवली, हे कसं सांगू. एवढंच म्हणालो की ओवीच्या गळ्यातलं काढून ठेव, टोचेल. ती हसली. हो म्हणाली.

२८ नोव्हेंबर
दुपार. आज सगळं सांगणार. फोन लावतोय, धीर राहावा म्हणून मध्ये मध्ये लिहितोय. उचलत नाहीत — परत लावतो —
लागला. ओवी आहे. आई झोपलीये म्हणते. गळ्यात — अजून तसंच. सोनलने काढलं नाही. मी नीट सांगितलंच नव्हतं —
हसतेय. बाबा, लपू नकोस म्हणते, तू आलायस, दाराबाहेरून तूच हूद —
नको ओवी, मी नाही, बोलू नको — तिला ऐकू जात नाही, चित्र अडकलंय, तोंड उघडं — सोनल, उठ — आवाज येतोय —
हि