उचलून न्यायचा की मेजावरचा

सोमवार, ५ ऑगस्ट
उशीर झाला, माफ कर. मे महिन्यानंतर तुला हात लावला नाही. डॉक्टरीणबाईंनी ही वही रक्तदाब लिहायला दिली होती. गोळ्याच मिळत नाहीत तर दाब लिहून काय करायचं, म्हणून फळीवर टाकली होती. आज काढली, कारण मनातलं बोलायला घरात कोणी नाही. म्हणजे नात आहे, यारेलिस. पण बोलायचं तिच्याविषयीच आहे.

शनिवारी तिचा संगणक जळाला. वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि परत आली ती अशी जोरात की पंखा किंचाळला. मग रबर जळल्याचा वास. पोर रडली नाही. नुसती खुर्चीत बसून राहिली.

त्या संगणकावर ती खेळते. खेळच – ड्रॅगन मारायचे, सोन्याची नाणी गोळा करायची. खेळातली खोटी नाणी! पण परदेशातले आळशी लोक ती खऱ्या पैशाने घेतात. आमची चूल त्यावर पेटते. मी चाळीस वर्षं माराकाइबोच्या सरोवरात, तेलाच्या विहिरींवर वेल्डिंग केलं. आता बावीस वर्षांची नात ड्रॅगन मारून मला जेवू घालते. कोणाला सांगणार हे?

बुधवार, ७ ऑगस्ट
तिची आई, म्हणजे माझी मुलगी सिओमारा, लीमाहून नव्या यंत्राचे पैसे पाठवणार आहे. तिचा निरोप फोनवर वाजत होता आणि मी पडद्यामागे केळी सोलत होतो. मुद्दाम ऐकलं नाही. कानावर आलं.

"पोर्तातिलच घे गं. मेजावरचा घेशील तर येताना काय डोक्यावर घेऊन येणार आहेस?"

येताना. कुठे येताना? मला कोणी विचारलं?

पोर्तातिल म्हणतात इथे लॅपटॉपला. उचलून न्यायचा. आणि दुसऱ्याला, डेस्कटॉपला, नुसतं 'मेजावरचा'. इतकी वर्षं हे शब्द ऐकतोय, आज पहिल्यांदा टोचले.

गुरुवार, ८ ऑगस्ट
सकाळी आरेपा, मक्याची भाकरी, खाताना विषय काढला. चीज नव्हतं, नुसतं मीठ. म्हटलं, या शहराच्या उकाड्यात लॅपटॉप वितळेल. ती म्हणाली, त्याला बॅटरी असते, वीज गेली तरी चालतो. मी म्हटलं, वीज गेली की इंटरनेटही जातं, मग बॅटरीवर काय करशील, काळ्या पडद्यात स्वतःचं तोंड बघशील?

हसली. "आजोबा, तुम्हाला दुकानात विकायला बसवायला हवं."

मग म्हणाली की मेजावरच्यात खेळ जास्त चांगला चालतो, हे तिलाही कळतं. पण. आणि ताट उचलून उठली. त्या 'पण'पुढे काय आहे ते मला माहीत आहे. सीमेपलीकडची बस आहे.

रविवार, ११ ऑगस्ट
नेरिओ आला. माझा कोंपाद्रे, म्हणजे मुलीचा धर्मपिता – सिओमाराचा बाप्तिस्मा झाला तेव्हा तिला त्याने हातावर धरलं होतं. पंखे, फ्रिज, सगळं दुरुस्त करतो. त्याला कोपऱ्यावरच गाठून पढवून ठेवलं होतं: लॅपटॉपला नावं ठेव.

छान सुरुवात केली. खेळताना लॅपटॉप तापतो, आणि तापला की आपोआप मंद होतो, "तुझ्या आजोबासारखा". जळला तर सगळाच जळतो. मेजावरच्याचा एक भाग गेला तर एकच बदलायचा. यारेलिस मान डोलावत होती. मग गाढवाने कॉफीचा घोट घेतला आणि म्हणाला, "पण बाहेरगावी न्यायचा असेल तर मात्र लॅपटॉपच."

"बाहेरगावी कोण चाललंय?" मी विचारलं.

नेरिओने संपलेल्या कपात पाहिलं.

बुधवार, १४ ऑगस्ट
तिला लॅपटॉप सापडला. मागच्या गल्लीतल्या बेतिल्देबाई, त्या शाळेत शिकवायच्या, त्यांच्या मुलाचा. मुलगा चिलीला गेला, यंत्र राहिलं. खेळासाठीच बनवलेलं, जवळजवळ नवं. पाहून आली तेव्हा चेहरा उजळला होता. असा चेहरा बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

परवा पैसे देऊन आणणार आहे.

गुरुवार, १५ ऑगस्ट
दाब १७५. सकाळपासून वीज नाही. मी एक काम केलं. उद्या लिहीन.

शुक्रवार, १६ ऑगस्ट
लिहितो.

काल यारेलिस गॅसच्या रांगेत होती. मी बेतिल्देबाईंकडे गेलो. भर उन्हात, टोपी न घालता. त्यांनी बसवलं, पेरूचा रस दिला. मी सांगितलं की नातीचा विचार बदलला, तुम्ही दुसऱ्या कोणाला द्या.

त्या म्हणाल्या, "खरंच? अहो, ती तर त्याच्यावर मांजरावर फिरवावा तसा हात फिरवत होती."

मी म्हटलं, आजकालची मुलं. एवढंच. रस पूर्ण प्यायलो. चांगला होता.

आज ती पैसे घेऊन गेली आणि हात हलवत परत आली. काल संध्याकाळीच विकला गेला म्हणे. ती माझ्याकडे बघत होती की नाही, ठाऊक नाही. मी ताटात बघत होतो.

चार वर्षांपूर्वी सिओमाराची बॅग मीच सीमेपलीकडच्या माइकाओला जाणाऱ्या बसपर्यंत नेली. "सहा महिने, बाबा." बॅगेचं चाक मोडलं होतं म्हणून खांद्यावर घेतली. माझ्याच खांद्यावर! एका माणसाने किती बॅगा उचलायच्या?

शनिवार, २४ ऑगस्ट
मेजावरचा आला.

ती स्वतःच म्हणाली, चला, आता तोच घेऊ. भांडली नाही. नेरिओ आणि ती दोघं जाऊन घेऊन आले. काळी पेटी, एका बाजूला काच, आत निळे-तांबडे दिवे, नाताळच्या झाडासारखे. नेरिओ आणि मी ती पेटी दारातून आत आणली. दोन म्हातारे, दमलो. मला ते वजन आवडलं. पडदा वेगळा, कळफलक वेगळा, वायरींचा गुंताच. जेवायचं मेज त्यालाच दिलं, आम्ही आता मांडीवर ताट घेऊन जेवतो.

वीज उसळली तर वाचावा म्हणून मी एकामागे एक दोन संरक्षक लावले. नेरिओ म्हणाला एक पुरतो. म्हटलं, असू दे.

आता कुठे जाते?
हे लिहायला नको होतं. राहू दे.

बुधवार, २८ ऑगस्ट
दिवसभर खेळते. ड्रॅगन पटापट मरतात. दाब १५०. भूक लागली.

शुक्रवार, ३० ऑगस्ट
दुपारी मी केळी तळत होतो. ती मागे येऊन उभी राहिली.

"बाजारात बेतिल्देबाई भेटल्या."

मी केळी उलटली. जळालेली नव्हती तरी उलटली.

"म्हणाल्या, तुझ्या आजोबांना घाम फार येतो. उन्हातान्हात फिरू देऊ नकोस."

एवढंच बोलली. मग माझी थाळी घेतली, वाढली, माझ्यासमोर ठेवली. ओरडली असती तर बरं झालं असतं. आई तरी ओरडायची हिची.

सोमवार, २ सप्टेंबर
ती बोलते. नीट बोलते. मीठ द्या, पाणी आलं का, दाब मोजला का. माफी मागायची म्हणून दोनदा खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसलो. दोन्ही वेळा तिच्या ड्रॅगनविषयीच विचारलं.

सोमवार, ९ सप्टेंबर
आज दोन दिवसांसाठी काबिमासला मैत्रिणीकडे गेली, पुलापलीकडे. पाठीवर शाळेतली पिशवी, बाकी काही नाही. मी आधी मेजाकडे पाहिलं. पेटी जागेवर होती. जीव भांड्यात पडला.

दारात म्हणाली, "आशीर्वाद द्या, आजोबा." रोजच म्हणते, बाहेर पडताना इथे सगळेच म्हणतात. मी म्हटलं, देव तुझं भलं करो. फाटकापाशी वळून तिने पुन्हा मागितला. म्हटलं, एकदा दिलेला पुरत नाही का? हसली नाही.

गुरुवार, १२ सप्टेंबर
आली नाही. फोन बंद.

तिच्या संगणकाचं बटण दाबलं. दिवे लागले, पंखे फिरले, पडदा काळाच. नेरिओला बोलावलं. त्याने काच काढली आणि आत न बघताच म्हणाला की चित्र काढणारं कार्ड तिने काढून नेलंय, साठवणीचा तुकडाही नेलाय. खरं यंत्र म्हणजे ती दोनच, पिशवीत मावतात. "बाकी पत्रा आहे, कोंपाद्रे." कुठले भाग कसे काढायचे ते तिने त्याला दुकानातच विचारून घेतलं होतं.

"मला सांगितलं नाहीस?"

"तू बेतिल्देबाईंकडे गेलास ते मला सांगितलं होतंस?"

यारेलिस, हे तू वाचणार नाहीस. रागाचं राहू दे. लीमाला पोचलीस की एक शब्द पाठव. वाटेतच असशील तर वाटेतून पाठव. लवकर.