तटरक्षकांच्या गाण्याला उभी राहिले

प्रिय मिरची,

दचकू नकोस, मीच आहे. अक्षर जरा वाकडं झालंय, पण ओळखशील. आणि खरं नाव न लिहिता 'मिरची' लिहिलं म्हणून नाक फुगवू नकोस. तुझं नाव कागदावर उतरवायची माझ्या हाताला सवयच राहिलेली नाही, का ते तुला माहीत आहे. जर्मनीतल्या त्या तळावर सगळे तुला मिरचीच म्हणायचे. खिशातून लाल सॉसची बाटली काढून तू अंड्यांवर ओतायचीस, बटाट्यांवर ओतायचीस, एकदा तर कॅप्टनच्या वाढदिवसाच्या केकवर ओतलीस आणि वर म्हणालीस, "साहेब, चव घेऊन बघा, मग शिक्षा करा." त्यांनी खरंच चव घेतली. वर आणखी मागितला!

आता बातमी सांगते, नाहीतर पोटात मावायची नाही. सैन्यानं माझा शेरा बदलला. मला घरी पाठवलं तेव्हा कागदावर जे काळं ठोकळ्या अक्षरांत लिहिलं होतं, की हिला सन्मानानं सोडलेलं नाही, ते गेलं. नवा कागद आला. त्यावर साधा एकच शब्द आहे, सन्मानपूर्वक. मी तो स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचला, मग पुन्हा चष्मा पुसून वाचला, आणि मग अंगणात जाऊन कोंबड्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. हसू नकोस. घरात दुसरं होतं कोण?

तुला हे कसं कळणार, म्हणून सांगते, त्या एका शब्दावाचून इथं काय काय अडतं. आमच्या गावात नोव्हेंबरात, माजी सैनिकांच्या आठवड्यात, शाळेच्या फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात बँड एकेका दलाचं गाणं वाजवतो. ज्याचं दल त्यानं आपल्या गाण्याला उठायचं. एवढंच. भाषण नाही, हार नाही. पण त्या उठण्यासाठी माणसं कुबड्या घेऊन येतात. आमचे बाबा कोरियात लढले होते. दरवर्षी लष्कराचं गाणं लागलं की टोपी काढून खांबासारखे उभे राहायचे. मी लहान होते तेव्हा वाटायचं, हे गाणं फक्त बाबांसाठीच वाजवतात.

मी परत आले त्या वर्षीही गेलो आम्ही. लष्कराचं गाणं सुरू झालं आणि बाबांनी मला कोपरानं ढोसलं. "ऊठ की गं!" मी त्यांच्या कानात म्हटलं, "मला उठता येत नाही, बाबा. त्यांनी मला सन्मानानं सोडलेलं नाही." ते अर्धवट उठले होते. तसेच खाली बसले. घरी आलो. दारात बूट काढताना त्यांनी एकच विचारलं, "तू कुणाचं नाव दिलंस का?" मी म्हटलं, "नाही." ते म्हणाले, "मग झालं. भूक लागलीय, कोलाचे काढ." खसखशीच्या सारणाचे गोड पाव होते, आईनं केलेले. बाबांनी स्वतःच्या ताटलीतला मोठा मला दिला.

आणि ऐक, त्यानंतर बाबा त्या गाण्याला कधीच उठले नाहीत. माझ्या शेजारी बसून राहायचे, टोपी मांडीवर. लोक विचारायचे तर म्हणायचे, "गुडघे गेले हो." गुडघे गेले म्हणे! तोच माणूस दुसऱ्या दिवशी धान्याच्या कोठाराच्या शिडीवर सरसर चढायचा. गावाला काय कळायचं ते कळलं असणार, पण बाबांच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. ते गेले तेव्हा त्यांच्या शवपेटीवर झेंडा होता. पोरसवद्या शिपायांनी तो तिकोनी घडी करून माझ्या हातात दिला, आणि मला मेलीला त्या वेळी काय सुचावं, तर आपल्या पेटीवर काहीच नसणार. बाबांच्या दफनाला स्वतःचा विचार! पण आला खरा.

चौकशीच्या त्या खोलीतलं तुला मी कधी सांगितलंच नाही. सांगायला वेळ तरी कुठे मिळाला? दोघं होते. एक गोड बोलायचा, दुसरा टेबलावर पेन वाजवायचा. गोडबोल्या म्हणाला, "पोरी, तुझ्याबरोबर कोण होती तेवढं सांग. सगळं सौम्य करू. चांगल्या शेऱ्यानं घरी जाशील." मी म्हटलं, "माझं नाव आर्लिस कुचेरा." तो म्हणाला, "ते माहीत आहे." मी म्हटलं, "मग मला येतात ती सगळी नावं संपली." पेनवाला खदखदून हसला आणि मग त्याला हसल्याचाच राग आला. मला भीती वाटत नव्हती असं नाही. पण तुझी बढती तोंडावर आली होती, तुझ्या आईचं घर तुझ्या पगारावर चालायचं, आणि खरं सांगू का, ते सगळं नसतं तरी मी सांगितलं नसतं. मला फाटकातून बाहेर नेलं तेव्हा तू समोरच्या ट्रकमध्ये स्टिअरिंगवर बसली होतीस. हात हलवणं शक्य नव्हतं. भर दुपारी तू गाडीचे दिवे दोनदा लावलेस नि विझवलेस. त्या दोन उघडझापांवर मी पुष्कळ वर्षं काढली आहेत, बाई.

तू पुढे चढत गेलीस ते मला ठाऊक आहे. सैन्याच्या मासिकात तुझा फोटो आला होता, छातीवर पट्ट्याच पट्ट्या. मी तो दवाखान्यात बसल्या बसल्या पाहिला आणि इतका ऊर भरून आला, की शेजारच्या बाईला दाखवून म्हटलं, "ही बघा, काय रुबाब आहे!" ती म्हणाली, "ओळखीची?" मी म्हटलं, "छे."

माझं म्हणशील तर शाळेची बस चालवली. हिमवादळात चालवली, चिखलात चालवली, मागे पोरं एकमेकांच्या डोक्यात सँडविच घासत असताना चालवली. गेल्या वर्षी निवृत्त झाले. आणि माझ्याच बसमधलं एक कार्टं, डॅरल व्रबा, आता जिल्ह्याचा माजी सैनिकांचा अधिकारी आहे. मरीन दलात होता. केस पिकले, पण मला अजून 'आर्लिसबाई' म्हणतो आणि खोड्या अजून त्याच. एक दिवस दारात येऊन उभा. "आर्लिसबाई, बाईनं बाईवर प्रेम केलं म्हणून हाकलायचा कायदा केव्हाच बदलला. तुमच्यासारख्यांचे शेरे दुरुस्त करून देतात. अर्ज करा." मी म्हटलं, "मला त्यांच्याकडे काही मागायचं नाही." तर म्हणतो कसा, "मागायचं नाही. तुमचं आहे ते परत घ्यायचंय. माझा डबा कुणी पळवला की तुम्ही बस थांबवून परत मिळवून द्यायचात. आता मी बस थांबवलीय."

तर अर्ज केला. डॅरल म्हणाला, त्या वेळच्या दुसऱ्या बाईनं दोन ओळी लिहून दिल्या तर काम सोपं होईल. त्यानं विचारलं, "कोण होती?" मी अर्ज त्याच्याकडे परत सरकवला. तो म्हणाला, "अहो, सरकार बदललं, कायदा बदलला, तुम्ही काही बदलत नाही!" मी म्हटलं, "ते नाव माझ्या मालकीचं नाही, डॅरल." त्यानं डोकं खाजवलं आणि मग गावाकडूनच पत्रं गोळा केली. शाळेनं दिलं, पाद्रीबाबांनी दिलं. आमचा एमिल म्हणून एक खवट म्हातारा आहे, नौदलातला. त्यानं लिहिलं, की ही बाई हट्टी आहे, पत्त्यांत लबाडी करते, आणि हिच्या हाती मी माझी नातवंडं डोळे मिटून दिली. शेरे तपासणाऱ्या मंडळानं सगळं वाचलं, बरेच महिने लावले, आणि दिलं. नावाशिवाय दिलं!

आता परवाच्या शुक्रवारची गंमत ऐक. मी बाबांची टोपी घालून गेले. थंडी अशी, की शिट्टी ओठाला चिकटावी. मध्यंतर झालं, बँड आत आला. आमच्याकडे लष्कराचं गाणं नेहमी पहिलं. मी सकाळपासून त्या पहिल्या ठोक्याची वाट बघत होते. ढोल वाजला मात्र, मी ताडकन उभी! टोपी छातीशी, मान ताठ. आणि मग सूर लागला. तटरक्षक दलाचा! बँडच्या नव्या मास्तरणीला यंदा क्रम उलटा करायची हुक्की आली होती. अगं, आमच्या जिल्ह्याच्या आसपास कुठे समुद्र नाही, त्या गाण्याला आजवर एक माणूस उठलेला नाही. आणि भरल्या मैदानात मी एकटी उभी. एमिल मागून ओरडला, "आर्लिस, जहाज कुठे लावलंयस? मक्याच्या शेतात?" सगळी प्रेक्षकांची गॅलरी हसली. शेजारची कुजबुजली, "बस गं खाली, तुझं यायचंय अजून." मी म्हटलं, "इतकी वर्षं बसलेच होते. आता उठलेय, तर बसायची नाही."

आणि नाही बसले. हवाई दलाचं झालं. नौदलाच्या गाण्याला एमिल कुरकुरत उठला, आणि गाणं संपलं तरी तसाच राहिला. म्हणाला, "ही बसत नाही तर मी कशाला बसू?" मग मरीनचं, डॅरल उठला, तोही उभाच. त्यानंतर जो उठला तो बसेना. शेवटी लष्कराचं गाणं लागलं तेव्हा मी बाबांच्या टोपीत तोंड खुपसून रडले, हमसून हमसून, चारचौघांत, आणि मला काडीची लाज वाटली नाही. बाबांच्या जागेवर कुणी बसलं नव्हतं. ती जागा आम्ही कुणाला देत नाही.

सामना हरलो. ते एक असो.

नंतर चर्चच्या बायकांच्या टेबलाशी गरम कॉफी प्यायला गेले. ब्लांच कोलाचे वाढत होती. चांगली बाई आहे, आईच्या वेळची. तिनं माझ्या ताटलीत एक ठेवला, आणि थोडं थांबून दुसरा ठेवला. मग हळूच म्हणाली, "आर्लिस, ती कोण होती गं? चांगली होती का?" तिच्या आवाजात खोचक काही नव्हतं. बाबा गेले, आई गेली, आणि एवढा साधा प्रश्न मला कुणी कधी विचारलाच नव्हता. माझ्या ओठांवर तुझं नाव आलं. अगदी दातांपर्यंत आलं. आणि मी म्हटलं, "खूप चांगली होती. नाव तिला विचारून सांगते."

म्हणून हे पत्र. दर नाताळात एक पार्सल येतं, आत लाल सॉसची बाटली, चिठ्ठी नाही, पाठवणाऱ्याचं नाव नाही. मी प्रत्येक बाटली संपवली आहे, डोळ्यांतून पाणी काढत. गेल्या नाताळात मात्र पार्सलच्या कोपऱ्यात पहिल्यांदाच पाठवणाऱ्याचा पत्ता होता. तो तू चुकून लिहिणारी नव्हेस. हे पाकीट मी आमच्या गावच्या पोस्टात टाकणार नाही, तिथली जोलीन एकूण एक पाकीट वाचते. शेजारच्या गावी जाऊन टाकीन, कारण तू हो म्हणेपर्यंत ते नाव इथं कुणी वाचायचं नाही. खोलीतल्या त्या दोघांनी विचारलं तेव्हा मी दिलं नाही. मंडळासाठी डॅरलनं विचारलं तेव्हाही दिलं नाही. आता मीच तुला विचारते आहे. नाही म्हणालीस तरी माझी मान अशीच ताठ राहील, आणि बाटली येत राहिली तर मी संपवत राहीन. पण हो म्हणालीस, तर पुढच्या नोव्हेंबरात तूच ये. बाबांची जागा रिकामी आहे. लष्कराचं गाणं लागलं की ऊठ, आणि माझ्या गावाला तुझं नाव मला मोठ्यानं सांगू दे.

तुझीच, आणि आता कागदोपत्रीसुद्धा सन्मानाची,
आर्लिस