दुखणं माझं, फोटो ह्यांचा

वडीगोद्री

तीर्थस्वरूप राधेश्यामदादास,

नंदाचा नमस्कार. इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे मी सोडून सगळे. वहिनीची शुगर आता कशी आहे? अक्षर बघून पत्र दुसऱ्याच कुणाचं असेल असा संशय घेऊ नकोस, मीच लिहिते आहे. फोनवर बोलले असते, पण आमचा फोन आमच्यासोबतच पडला. तेव्हापासून तो स्पीकरवरच चालतो, आणि मी माहेरी फोन लावला की हे टीव्हीचा आवाज बारीक करून बसतात. (एरवी मी हाका मारून थकते, तेव्हा करत नाहीत.)

तर गेल्या महिन्यात अंबडच्या बाजारातून येताना कुत्रं आडवं आलं आणि आम्ही दोघं मोटारसायकलवरून पडलो. कुत्रं एक, रस्ता एक, पडलोही एकाच कुशीवर. दोघांचाही उजवा खांदा. दवाखान्यात मात्र दुखणी दोन झाली. डॉक्टरांनी ह्यांचा खांदा दाबून पाहिला, इंजेक्शन दिलं, चांगली भारी पेनकिलर लिहिली, हात गळ्यात बांधला आणि दुखणं अंगावर काढू नका म्हणून बजावलं. मग माझ्याकडे बघून ह्यांनाच विचारलं, यांना काय होतंय? हे म्हणाले, "तसं काही न्हाई, जरा घाबरली." झालं! मला कॅल्शियमची गोळी, आणि टेन्शन घेऊ नका असा सल्ला. मी विचारलं, डॉक्टरसाहेब, गाडी एक तर गोळ्या दोन का? तर म्हणे बायकांचं शरीर नाजूक, भारी गोळी सोसत नाही. बरं, मग दुखतंय त्याचं काय? तर म्हणे बायकांची सहनशक्ती मुळातच दांडगी असते. म्हणजे गोळीच्या वेळेला मी नाजूक आणि दुखण्याच्या वेळेला दांडगी! दादा, बाईच्या अंगाला औषध वेगळं लागत असेलही, मी काही शिकलेली नाही. पण ते ठरवायच्या आधी खांदा तरी दाबून बघावा की नाही? मला तर दाट संशय आहे, की ह्या डॉक्टरने हे पुस्तकात वाचलेलं नसून घरी बायकोकडे बघून ठरवलंय.

मेडिकलवाले दीपचंदशेठही त्यातलेच. मी दोन्ही पाकिटं समोर ठेवून विचारलं, तर ह्यांच्याकडे बघत म्हणाले, "गडीमाणसाची गोळी अलगच असती, ताई." नाहीतर एरवी गिऱ्हाइकाशी तासभर बोलतील, त्या दिवशी मात्र लगेच फोन कानाला लावला. (फोन वाजलेला मी तरी ऐकला नाही.)

महिना झाला. ह्यांचा खांदा बरा झाला, माझा हात खांद्याच्या वर जाईना. मग मी डोकं चालवलं. ह्यांना पुन्हा दाखवायला जायचं होतंच. म्हटलं, तुमचं दुखणं संपलंय, तर माझं घेऊन जा, पण माझं म्हणून नको, तुमचं म्हणून सांगा. निदान गोळी तरी गडीमाणसाची मिळेल. सगळं पाठ करून घेतलं. हात वर जात नाही, कुशीवर झोपता येत नाही, वेणी घालताना कळ निघते. वेणीचं तेवढं सांगू नका, असं मी बजावलं. हे नेमकं ते बजावलेलंच विसरले.

सोबत धाकटे दीर भुजंग होते, त्यांनी मला हसत हसत सगळं सांगितलं. हे डॉक्टरांपुढे बसले आणि म्हणाले, "साहेब, वेणी घालताना लई कळ निघून राह्यली." (ह्यांच्या कानामागे उरलेले केस तू पाहिलेच आहेस.) डॉक्टरांनी मान वर केली नाही की शंका घेतली नाही. आधीपेक्षा भारी गोळी लिहिली आणि लगेच फोटो काढायला लावला, तो एक्स-रे असतो तो. दादा, गडीमाणसाचं वेणीचं दुखणं खरं, आणि बाईचं खांद्याचं टेन्शन!

संध्याकाळी हे फोटो हलवतच घरात आले. "हाड बिलकुल शाबूत हाय तुझं! उगंच भिऊन राह्यली व्हतीस." मी विचारलं, फोटो कुणाच्या खांद्याचा? फोटो उलटा करून बघत हे म्हणाले, "पन दुखनं तर तुझंच सांगितलं ना बराबर?" आजवर मी दुखणं अंगावर काढलं, आता त्याचा फोटो ह्यांच्या अंगावर काढला! ह्यांनी शेजारच्या दुर्गाबाईंनाही तो खिडकीशी धरून दाखवला, नंदाचं हाड शाबूत म्हणून. नवीन गोळ्याही वाया कशाला घालवायच्या म्हणून हेच घेत आहेत, वरून डॉक्टरांनी सांगितलेला आराम चालू आहे. मी भाकरी एका हाताने थापते आणि ती चंद्रासारखी होत नाही म्हणून बोलणी खाते. फार राग येतो रे.

वहिनीला नमस्कार सांग.

तुझी धाकटी,
नंदा

ता. क. : नवीन जालन्यात हाडाचा चांगला डॉक्टर बघून ठेव आणि मला न्यायला गाडी घेऊन ये. ह्यांना मात्र पिंपळगाव रेणुकाईला देवीच्या दर्शनाला चाललोय असं सांग. दुखण्याचं नाव काढलंस तर हे फोटो आणून दाखवतील.

आणखी एक : डॉक्टरांच्या खोलीत तू येऊ नकोस, बाहेर बस. तू दिसलास की ते तुलाच विचारतील.

शेवटचं : अक्षर असं का, तर डाव्या हाताने लिहिलंय. मला दुखतंय रे दादा, फार दुखतंय. खरं तर एवढंच लिहायला बसले होते.