अळीचा बंदोबस्त

३ मार्च, सकाळी ६.४०
लेख वाचला. पानांत पुरेशी साखर साठली की शेंड्याला निरोप जातो आणि झाड कळ्या धरतं. वीस वर्षं जॅम फॅक्टरीत साखर तपासतोय. म्हणजे विषय आपलाच.
सासूबाई गेल्या तेव्हा त्यांच्या झाडाच्या दोन फांद्या आल्या, एक हिच्याकडे, एक मेहुणीकडे. आमची चार वर्षं नुसती पानं दाखवतेय. आईच्या झाडाचं एक तरी फूल बघायचंय, असं ही परवा म्हणाली. फुलायची तारीखच काढून देतो. फॅक्टरीतला मीटर आणलाय. रोज एक पान लसूण प्रेसमध्ये पिळायचं, थेंब काचेवर, आकडा वहीत. पानं बावीस. भरपूर.

४ मार्च
साखर ७. हिला सांगायचं नाही. सरप्राइज.

९ मार्च
६. ढगाळ हवा. शिवाय एका पानावर भागत नाही, सरासरी लागते. उद्यापासून दोन.

१३ मार्च
४. झाड आळशी आहे. ही विचारत होती, पानं कोण खातंय. अळी असेल, म्हणालो. खोटं नाही, शक्यता सांगितली.

१४ मार्च
ही चष्मा लावून पाऊण तास एकेक पान उलटून बघत होती. मी पेपर धरून बसलो, एक ओळ वाचता आली नाही. लाज वाटली. मोजणी बंद.

१५ मार्च
अर्धवट सोडणं बरं नाही. दोनच पानं. ३. उरली सहा.

१८ मार्च
अळीपायी हिनं बहिणीकडे जाणं रद्द केलं. झाडाला जाळी शिवली. पाणी घालायला गाठ तुम्हीच सोडा, दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही, म्हणाली. मान वर करवेना. संध्याकाळी सगळं सांगणार.
संध्याकाळी: ती दमली होती.

१९ मार्च
लेख पुन्हा वाचला. साखर पानंच बनवतात. दुसऱ्याच ओळीत होतं. मी रोज कामगार काढत होतो आणि उत्पादन घटलं म्हणून झाडाला आळशी म्हणत होतो. स्वतःची शरम वाटते. आता एकाही पानाला हात लावणार नाही.

२१ मार्च
एकच. खात्रीसाठी.

२२ मार्च, सकाळी ७.१०
मेहुणीचा फोन, स्पीकरवर. तिच्याकडे फूल आलं. काय केलंस, हिनं विचारलं. काही नाही, बाल्कनीत ठेवून विसरले होते, म्हणाली. मग तिनं आमच्या अळीची चौकशी केली.
सापडली, ही म्हणाली. जाळीच्या आतलं पान गेलं तेव्हा कळलं. नाही, मारली नाही, समोर बसून चहा पितेय.
चहात साखर नव्हती. मी मागितली नाही.