आपल्याच देशावरचा वॉशर

प्रिय चाक्या,

पुढच्या वर्षीचं मोटारशर्यतींचं कॅलेंडर आलं, हे तुला माझ्याआधी कळलं असणार. टीमबरोबर देशोदेशी चाकं बदलत फिरणारा माणूस तू. आपल्या देशाची शर्यत काढून टाकली म्हणे. त्या शर्यतीच्या निमित्ताने वर्षातून एकदा घरी यायचास, तेही आता बंद का, हे विचारायला फोन हातात घेतला होता. पण फोनवर तू ‘बघतो ताई’ म्हणतोस आणि बघत काही नाहीस. म्हणून हे पत्र.

काल संध्याकाळी नेहमीसारखा जेवणाच्या टेबलावर नकाशांचा मोठा ॲटलास उघडला. आठवतं ना? कॅलेंडर आलं की बाबा गॅरेजमधून नट आणि वॉशर खिशात घालून आणायचे. जो देश शर्यतीला लायक, त्याच्यावर नट. ज्याला हाकलायचं, त्याच्यावर वॉशर. प्रत्येकाला एकेक, आणि कारण सांगितल्याशिवाय सुटका नाही. तू डोंगराळ देशांवर फिदा होतास. मला समुद्रकाठचे आवडायचे, फोटो छान येतात म्हणून. त्यावरून तू मला आठवडाभर पिडायचास. आईचं शास्त्र निराळंच. ज्या देशाचं राष्ट्रगीत लांबलचक, तो बाद, कारण बक्षीस समारंभ संपेपर्यंत जेवण गार होतं. गीत जिंकणाऱ्याच्या देशाचं वाजतं, यजमानाचं नव्हे, हे बाबांनी तिला शेवटपर्यंत समजावलं आणि तिने ते शेवटपर्यंत मनावर घेतलं नाही. ती गेल्यापासून तिचा नट मी ठेवते, राष्ट्रगीतं ऐकून.

आणि बाबांचा वॉशर दर वर्षी आपल्याच देशावर! तू रडकुंडीला यायचास. ‘आपला आहे म्हणून लायक झाला का? सपाट मैदान नुसतं, एक वळण धड नाही. गाडीला माहेर-सासर कळत नाही,’ हे त्यांचं ठरलेलं भाषण. वॉशरला लागलेल्या इतक्या वर्षांच्या ग्रीसने तिथे काळं कडं उमटलंय, देशाचं नावसुद्धा वाचता येत नाही.

तू टीममध्ये लागलास तरी भाषण बदललं नाही. शर्यतीच्या आठवड्यात तू टीमचा शर्ट घालून यायचास, अंगाला रबराचा वास, उभ्याउभ्या चार घास खायचास आणि घड्याळ बघत पळायचास. दुसऱ्या दिवशी बाबा मात्र सकाळपासून कुंपणाला चिकटलेले. सगळं जग गाड्यांमागे मान फिरवायचं आणि हे चाकं बदलायच्या पिटकडे नजर लावून. तुझ्या टीमची गाडी आत आली की माझं मनगट आवळायचे. ‘मागचं डावं आपलं,’ म्हणायचे. पातं लवेपर्यंत तुझं चाक बदलून व्हायचं, आणि मग शेजारच्या अनोळखी माणसालाही ऐकवायचे की हा ट्रॅक कॅलेंडरमध्ये ठेवण्याच्या लायकीचा नाही. मला हसू आवरायचं नाही.

त्यांचा उजवा हात आता थरथरतो. डॉक्टर म्हणाले, हळूहळू वाढणार. गॅरेजमध्ये जाऊन बसतात, पण पाना कारागिराच्या हातात देतात आणि स्वतः नुसते ओरडतात. तुला कळवू नको म्हणून मला दटावून ठेवलंय. मी ऐकलेलं नाही, हे तुला दिसतंच आहे.

काल मी म्हटलं, बाबा, यंदा तुमच्या वॉशरला काम नाही, त्यांनीच आपल्याला काढलं, जिंकलात. हसले नाहीत. वॉशर खिशातच ठेवला. नट घेतला, तो दोनदा हातातून सुटला, मी उचलायला गेले तर हात झटकला. तिसऱ्यांदा त्यांनी तो नेमका त्या काळ्या कड्यात ठेवला. नियमाप्रमाणे मी कारण विचारलं, थोडं चिडवतच. म्हणाले, ‘सपाट तर सपाट. तेवढ्यासाठी पोरगा यायचा.’ आणि उठून हात धुवायला गेले, तिथेच किती वेळ नळ सोडून उभे होते.

चाक्या, मी कॅलेंडर नीट पाहिलंय. जो आठवडा आपला होता, त्यात दुसरा कुठलाच देश घेतलेला नाही. रिकामा आहे. तू तेव्हा ये. शर्यत नसताना घरी यायला कुणाची परवानगी लागत असेल तर नंबर पाठव, मी बोलते त्यांच्याशी. पण या वेळी बसून जेव. ॲटलास अजून टेबलावर उघडाच आहे. बाबा तो नट कुणाला उचलू देत नाहीत.

वाट बघणारी तुझीच,
ताई