खंड्याच्या शाबासकीबाबत

मी, महादेव गोविंद पाटकर, वय ७१, पोलीस श्वानपथकातून निवृत्त, राहणार पनवेल, जिल्हा रायगड, पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण कलम ३ वाचून काहींना शंका येईल.

१. राहते घर व बँकेतील ठेव भाची रेवा हिला मिळावी.

२. धाकटा भाऊ काशीराम यास माझा रेडिओ द्यावा. कुत्रा देऊ नये. "दादा, हा कुत्रा भ्रमिष्ट झालाय, विचुंबे गावाच्या पुढे सोडून येऊ," असे तो खंड्यादेखत म्हणाला, ते मी विसरलेलो नाही.

३. कुत्रा खंड्या, वय सहा, रेवाने सांभाळावा. सकाळी तासभर तळ्याकाठी चालवावे. पण नुसते पाय दमवून भागत नाही. डोक्याला काम नसले की तो दार कुरतडतो. म्हणून रोज एक शोध द्यावा. एकाने लपावे, दुसऱ्याने त्याचा कपडा खंड्याला हुंगवावा. माणूस सापडला की तो समोर बसतो, वर पाहून एकदाच भुंकतो. लगेच बिस्किट द्यावे.

पत्नी आशालता वारल्यावर आठ महिन्यांनी, एका दुपारी, घाईत मी लपलेल्याच्या कपड्याऐवजी तिचे पातळ त्याला हुंगवले. तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन बसला आणि भुंकला. तिथे कोणी नव्हते. खोटा शोध समजून मी त्याला पट्ट्याने मारले. वीस वर्षांच्या नोकरीत एकाही कुत्र्यावर मी हात उगारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम तेच पातळ दिले. मी खुर्चीत बसलो होतो. खंड्या माझ्यापुढे आला, बसला आणि माझ्या खांद्याच्या वर पाहत राहिला. मागे वळण्याचे मला धैर्य झाले नाही. पातळ मी पेटीत बंद केले. आता तो न हुंगवताच रोज तसा येऊन बसतो, पण भुंकत नाही. मार लक्षात आहे. याची मला फार लाज वाटते.

४. रेवा, माझे कपडे लगेच वाटून टाकू नकोस. महिन्याभराने माझा सदरा खंड्याला हुंगव. तो जिथे बसेल तिथे, तुला कोणी दिसो न दिसो, त्याला शाबास म्हण आणि बिस्किट दे. मी समोर असेन, पण मला ते देता येणार नाही.

सही: म. गो. पाटकर

आमच्यासमक्ष सही केली:
१. रहीम मुकादम, शेजारी
२. डॉ. अविनाश करंदीकर

पनवेल, ४ ऑगस्ट १९९२