हनुवटीवरचे तीन ठिपके

नवापूर,
१२ फेब्रुवारी १९३६

प्रिय दावीद,

तुझं पाकीट मागच्या महिन्याच्या नऊ तारखेला पोचलं. लाखेचा शिक्का शाबूत होता, आतले कागद कोरडे होते. उत्तराला महिना लागला याचं कारण आजारपण नाही. मला आधी काही गोष्टी तपासायच्या होत्या. मिशनचे इसहाक मास्तर म्हणतात, नवऱ्याला पत्रात 'तुम्ही' लिहावं, शिकलेल्या बाईला ते शोभतं. आपल्याकडे बायको नवऱ्याला तूच म्हणते. लग्नानंतर तू बोटीला जाईपर्यंतचे एकोणीस दिवस मी तुला तूच म्हणत होते, तेच पुढे चालू ठेवते.

मोंबासाला येण्यासाठी बायकोचे म्हणून जे कागद लागतात ते तू लिहिलेस त्याप्रमाणे जमवले. मिशनच्या देवळाच्या वहीतून लग्नाचा उतारा मास्तरांनी स्वतः काढून दिला आणि दोनदा ताडून पाहिला. ही बाई दावीदची बायको आहे, असा दोन शेजाऱ्यांचा जबाब झाला. माझे डोळे चांगले आहेत आणि मला देवीची लस टोचलेली आहे, हा डॉक्टरसाहेबांचा दाखला झाला. असे दाखले दवाखान्यात मीच भरते, साहेब खाली सही करतात. हा मात्र मी भरला नाही. माझ्याच दाखल्यावर माझं अक्षर नको, असं वाटलं. फोटोसाठी आगगाडीने नंदुरबारला गेले. फोटोवाला काळ्या फडक्यातून डोकं काढून म्हणाला, बाई, थोडं हसा, नाहीतर साहेबलोकांना वाटेल तुम्हाला जबरदस्तीने पाठवतायत. मी जशी बसले होते तशीच बसले. फोटो स्वच्छ आला आहे. कपाळ, नाक, हनुवटी, सगळं स्पष्ट दिसतं.

आता पाकिटातल्या तुझ्या प्रतिज्ञापत्राबद्दल. ते इंग्रजीत आहे. माझं इंग्रजी दवाखान्यापुरतं, पण उंची आणि अंगावरच्या खुणा हे शब्द दवाखान्यातलेच आहेत. तू शपथेवर लिहिलं आहेस की तुझ्या बायकोची उंची चार फूट अकरा इंच आहे, हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके आहेत आणि उजव्या हातावर मनगटापासून वर गोंदलेली नक्षी आहे. माझी उंची पाच फूट दीड इंच आहे. हनुवटीवर काही नाही. उजव्या हातावरही काही नाही. मी आठव्या वर्षी मिशनच्या बोर्डिंगात आले आणि तिथे गोंदून घ्यायला बंदी होती, हे तुला ठाऊक आहे.

मी कुणाला काही बोलले नाही. कागद तसाच घडी घालून कचेरीबाहेर बसणाऱ्या रतिलालभाऊंकडे नेला. मामलेदारांपुढे जाणारे सगळे अर्ज तेच लिहितात. मला पाहायचं होतं की ही चूक फक्त मलाच दिसते की दुसऱ्यालाही. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कागद वाचला. मग म्हणाले, "बाई, कागदमा तीन टिपका शेतस. तुन्हा हनुवटीवर ते एकबी नही. हाऊ कागद तुन्हाच शे ना?" मी म्हटलं, नाव माझंच आहे. त्यांनी उजवा हात दाखवायला सांगितला. मी उजवी बाही वर केली. डावी बाही वर करायला कुणी सांगितलं नाही, मीही केली नाही. बाजूला नंबर लावून बसलेला एक म्हातारा म्हणाला की नवऱ्याला तिकडे जाऊन बायकोचा विसर पडला वाटतं, आणि सगळे हसले. रतिलालभाऊ हसले नाहीत. त्यांनी मला उपाय सांगितला. प्रकाशा गावच्या जत्रेत गोंदणारी बसते, म्हणाले. "कागद बदलाले तीन महिना लागतीन. हनुवटी बदलाले दोन घटका." ते चेष्टा करत नव्हते. त्यांना खरोखर माझं काम व्हावं असं वाटत होतं.

त्या दिवसापासून मी तुझी जुनी पत्रं तारखेप्रमाणे लावली. दोन वर्षं चार महिन्यांत एकवीस पत्रं आली आहेत. पहिल्या सहांत तू माझ्याबद्दल विचारतोस. सातव्यापासून हवा, वर्कशॉप, लाकडाची जात आणि बरोबरच्या लोकांची भांडणं. चौदाव्या पत्रात लिहितोस की सुरतेकडच्या एका कुटुंबात रोज जेवायला जातो, तिथली बाई नागलीच्या भाकरी आपल्यासारख्याच करते. त्या बाईचं नाव तू लिहिलं नाहीस. वय लिहिलं नाहीस. पंधराव्या पत्रापासून जेवणाचा उल्लेखच नाही. एखाद्या रोग्याने दुखणं सांगायचं अचानक बंद केलं तर आम्ही ते बरं झालं असं धरत नाही. आम्ही तपासतो. मी असं धरलं की चार फूट अकरा इंचांची, हनुवटीवर तीन ठिपके असलेली एक बाई आहे, आणि माझ्या नावाचा कागद तिच्या अंगाचा आहे. ती तिकडे असेल किंवा इकडेच असेल, तुझ्या गावात, माझ्या आधीची. आपल्या डोंगरात देवळातल्या लग्नाआधी कुणी कुणाच्या घरी नांदून आलेलं असतं, यात कुणाला काही वेगळं वाटत नाही. मला वाटलं असतं, म्हणून मला कुणी सांगितलं नसेल.

तेव्हा मी शोधायला लागले. शोधायला मला कुठे जावं लागत नाही, बायका दवाखान्यात येतातच. येणाऱ्या प्रत्येक मोठ्या बाईची हनुवटी आणि उजवा हात मी पाहत गेले. औषधाच्या वहीच्या मागच्या पानावर रेघा ओढल्या. पंधरा दिवसांत सत्तेचाळीस बायका आल्या. त्यांपैकी एकेचाळीस जणींच्या हनुवटीवर तीन ठिपके होते. अडतीस जणींच्या उजव्या हातावर नक्षी होती. भिंतीवरच्या मापाशी उभं करता येतील तेवढ्यांना उभं केलं. बहुतेक जणी चार फूट दहा आणि पाच फूट यांच्यामध्ये बसल्या. एकीने विचारलं, बाई, खोकल्याला उंची कशाला मोजता. मी म्हटलं, नवीन नियम आहे. नोकरीत खोटं बोलण्याची माझी ती पहिली वेळ.

मागच्या रविवारी तुझ्या गावी गेले. तुझी आई अंगणात मोहाची फुलं वेचायची टोपली विणत बसली होती. मला न कळवता आलेली पाहून ती आधी घाबरली, तुझी काही वाईट बातमी आहे असं तिला वाटलं. मी तिला कागद वाचून दाखवला आणि सरळ विचारलं, ही बाई कोण. तिने टोपलीचा एक अख्खा फेरा विणला. तेवढ्या वेळात माझा संशय पक्का झाला. मग ती हसायला लागली, इतकी की टोपली मांडीवरून घसरली. तिने आपल्या बोलीत जे सांगितलं ते असं, "अगं, ही मी आहे. ही तुझी आत्याही आहे. ती बघ, विहिरीवर पाणी भरतेय ना, तीही आहे. साहेबाने विचारलं असेल, बाईच्या अंगावर खुणा काय? माझ्या पोराने आयुष्यात बिनगोंदणाची बाई पाहिली कुठे?" पुढे म्हणाली की तू तर हात कोपरापर्यंत झाकून बसतेस, पाहुण्यासारखी जेवतेस, दिवा विझवून मग केस सोडतेस. त्याने पाहावं तरी काय?

हे तिचं बरोबर आहे, आणि मी ते तुला लिहीत आहे, कारण जे खरं आहे ते नोंदवायला हवं. पण हनुवटी बाहीखाली नसते, दावीद. तुझ्या आईला मी हेच म्हटलं. तिने घसरलेली टोपली उचलली आणि पुन्हा विणायला घेतली. निघताना मात्र माझ्या हनुवटीला बोट लावून म्हणाली, इथे हवं होतं गं काहीतरी, चेहरा रिकामा दिसतो.

परतीच्या वाटेवर मी विचार केला की दुसरी बाई नाही, तेव्हा मला हलकं वाटायला हवं. वाटलं नाही. दुसरी बाई असती तर तिला तरी तू नीट पाहिलं असतंस. इथे तर साहेबाने बायको विचारली आणि तुला आपल्या डोंगरातल्या सगळ्या बायका एकदम आठवल्या, फक्त मी आठवले नाही. त्या नागलीच्या भाकरीवाल्या बाईबद्दल मी अजून पूर्ण निश्चिंत नाही, तेही लिहून ठेवते. तिचं नाव कळव.

एकोणीस दिवस मीही मनात मोजून पाहिले. तुझ्याबद्दल माझ्याकडे काय आहे? तू झोपताना उजव्या कुशीवर झोपतोस. करवत चालवताना श्वास धरतोस. चहात गूळ कमी लागतो. अकराव्या दिवशी तू दवाखान्याच्या खिडकीची झडप बसवायला आलास. मी हत्यारं उकळायच्या भांड्याचं झाकण उघडलं आणि वाफ माझ्या डाव्या हातावर आली. मी ओरडले नाही. तू मात्र झडप खाली टाकलीस. हात थंड पाण्यात धरल्यावर मी तुला म्हटलं की लाली जिथपर्यंत आहे तिथे कडेने रेघ काढ, म्हणजे उद्या वाढली की नाही ते कळेल. तू कानामागची सुताराची पेन्सिल काढलीस. जिभेला लावून ओली करायला निघालास, मी नको म्हटलं. मग तू श्वास धरून माझ्या हातावर रेघ काढलीस, इतकी हलकी की ती लागलीसुद्धा नाही. सागाच्या फळीवर तू कधी तशी रेघ ओढली नसशील. दुसऱ्या दिवशी लाली रेघेच्या आतच होती. तू ते पाहिलंस, मान हलवलीस, आणि कामाला गेलास. आपण त्याबद्दल पुन्हा बोललो नाही.

प्रकाशाच्या जत्रेत मी जाणार नाही. रतिलालभाऊंना तसं सांगितलं आहे. ते म्हणाले, "हट्टी शे बाई, पण शपथना कागदले हट्टीच बरी." मामलेदारांनी वीस एप्रिलची तारीख दिली आहे. त्या दिवशी ते कागदावरची खूण वाचतील आणि माझ्या अंगावर पाहतील. त्याआधी तुझं दुरुस्त प्रतिज्ञापत्र पोचलं पाहिजे. बोट पंधरा दिवस घेते असं धरलं तर तुझ्याकडे पुरेसा वेळ आहे. उंची पाच फूट दीड इंच, ती मी सांगते. खूण मी सांगणार नाही. माझ्या अंगावर ओळख पटण्याजोगी खूण एकच आहे. ती लग्नाच्या दिवशी नव्हती. कचेरीत ती कुणी पाहिलेली नाही, डॉक्टरसाहेबांच्या दाखल्यात ती नाही, फोटोत ती बाहीखाली आहे. ती आहे हे सांगू शकेल असा माणूस एकच आहे. तुला जुनं काही आठवत नसेल तर हे पत्र पुन्हा वाच, सावकाश, करवत चालवताना असतोस तसा. मी लिहिलेलं तू वाचतोस की नुसतं जपून ठेवतोस, तेही मला त्यावरून कळेल. वीस तारखेला कचेरीत त्यांनी जी बाही वर करायला सांगितली ती डावी असली, तर मी पुढच्या बोटीचं तिकीट काढेन. उजवी असली तर दोन्ही बाह्या खाली करून दवाखान्यात कामाला जाईन, आणि त्यापुढे तू मला पत्र पाठवू नकोस.

हा शब्द लिहावा की नाही यावर बराच वेळ गेला, शेवटी ठेवला आहे,

तुझीच
रेवा